अमेरिकेतील दीर्घ मुक्कामाची हॉटेले : साखळी निवडताना आधी काय पाहावे?

कोयनाकाठ

इंजिने बनवणाऱ्या कमिन्सचे मुख्यालय इंडियाना राज्यातील कोलंबस येथे आहे, ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरचे इलिनॉयमधील मोलीन येथे, आणि या दोन्ही कंपन्यांची मोठी केंद्रे पुण्यात आहेत. त्यामुळे पुण्यातल्या अभियंत्यांना या लहान गावांत दोन-तीन महिने राहावे लागणे आता नित्याचे झाले आहे. निघण्यापूर्वी प्रवास विभागाकडून तीन-चार हॉटेलांची यादी येते, तिच्यात रात्रीचा दर दिलेला असतो आणि बहुतेक जण तो दर पाहूनच निवड करतात. मी स्वतः अशा मुक्कामांत निरनिराळ्या साखळ्यांमध्ये राहिलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की रात्रीचा दर ही सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात सर्व हॉटेले सारखीच वाटतात. फरक जाणवू लागतो तो तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा बाहेरचे खाणे नकोसे होते, कपड्यांचा ढीग साचतो आणि थंडीत चालत जाऊन दूध आणणे अवघड होते.

या व्यवसायाचा थोडा इतिहास येथे उपयोगी पडतो, कारण आजच्या साखळ्यांमधील फरक त्यातूनच आले आहेत. कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात जॅक डीबोअर हे सदनिका बांधणारे व्यावसायिक होते. हॉटेलची खोली सदनिकेसारखी बांधावी, तिच्यात पूर्ण स्वयंपाकघर असावे आणि ती आठवड्यांच्या हिशेबाने द्यावी, या कल्पनेतून त्यांनी १९७५ मध्ये तेथे पहिले रेसिडेन्स इन सुरू केले. ही साखळी १९८७ मध्ये मॅरियटने घेतली. पुढे डीबोअर यांनी समरफील्ड स्वीट्स काढले, जे २०१२ पासून हयात हाउस या नावाने चालते. १९९५ मध्ये त्यांनी कँडलवुड स्वीट्सची स्थापना केली, जे आज आयएचजी (इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल्स ग्रुप) या हॉटेल कंपनीकडे आहे. त्यानंतर २००३ मध्ये व्हॅल्यू प्लेस आले, ज्याचे नाव आता वुडस्प्रिंग स्वीट्स असे असून २०१८ पासून ते चॉइस हॉटेल्सकडे आहे. एकाच माणसाने काढलेल्या या चार साखळ्या चार वेगवेगळ्या खिशांसाठी होत्या. रेसिडेन्स इनमध्ये गरम न्याहारी आणि पाहुणचार होता. कँडलवुडमध्ये न्याहारी आणि नोकरवर्ग कमी करून दर खाली आणला गेला. व्हॅल्यू प्लेसमध्ये तर आठवड्याचे भाडे भरायचे आणि बाकीचे आपले आपण पाहायचे, अशी रचना होती. आजही या साखळ्यांचा स्वभाव बऱ्याच अंशी तोच आहे, आणि हे लक्षात घेतले तर जाहिरातीतील छायाचित्रांनी दिशाभूल होत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे शेगडी. ‘स्वयंपाकघरासह खोली’ असे सर्वच हॉटेले लिहितात, पण त्यातून अर्थबोध फारसा होत नाही. रेसिडेन्स इन, होमवुड स्वीट्स, स्टेब्रिज, कँडलवुड आणि टाउनप्लेस या साखळ्यांमध्ये साधारणपणे ओट्यात बसवलेली दोन बर्नरची विजेची शेगडी, मोठा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर असतो. होमवुडप्रमाणेच हिल्टन कंपनीच्या असलेल्या होमटू स्वीट्समध्ये मात्र फ्रिज आणि डिशवॉशर असूनही ओट्यात शेगडी बसवलेली नसते, स्वागतकक्षाकडून सुटी इंडक्शन शेगडी मागून घ्यावी लागते. एक रात्र राहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, परंतु दोन वेळा वरण-भात आणि पोळी करणाऱ्या कुटुंबासाठी होमटू आणि होमवुड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, मग ती एकाच कंपनीची भावंडे का असेनात. एक्स्टेंडेड स्टे अमेरिका या साखळीत दोन बर्नरची शेगडी असते, पण भांडी अनेक ठिकाणी खोलीत ठेवलेली नसतात आणि मागितल्यावर मिळतात. वुडस्प्रिंगमध्ये तर भांडी मिळतील असे गृहीत धरूच नये.

धुलाईच्या बाबतीत कँडलवुड आणि स्टेब्रिज पुढे आहेत, कारण तेथे पाहुण्यांसाठीची वॉशिंग मशीन आणि कपडे वाळवण्याची यंत्रे विनामूल्य असतात. इतरत्र बहुधा प्रत्येक फेरीचे पैसे पडतात. कँडलवुडमध्ये आणखी एक सोय आहे, जी मला फार मोलाची वाटते. तेथे मिक्सर, मोठी भांडी अशा वस्तू उसन्या घेण्यासाठी एक कपाट ठेवलेले असते. न्याहारी रेसिडेन्स इन, होमवुड आणि स्टेब्रिजमध्ये गरम असते आणि ती दरात धरलेली असते. ज्याला सकाळी सातला कारखान्याच्या फाटकात हजर व्हायचे आहे त्याला तिचे महत्त्व मोठे, आणि जो घरीच पोहे करून खाणार आहे त्याने तिच्यासाठी जास्त पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे.

एक सावधगिरी मात्र सर्वच साखळ्यांबाबत बाळगावी लागते. बहुतेक हॉटेले स्थानिक मालकांची असतात, कंपनी फक्त नाव आणि नियम देते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन इमारतींत वयाचा आणि देखभालीचा फरक पुष्कळ असू शकतो. जुनी रेसिडेन्स इन दुमजली, बाहेरून दार असलेल्या वसाहतीसारखी आहेत. त्यांतल्या खोल्या ऐसपैस असतात, काहींत शेकोटीही असते, पण वरच्या मजल्यावरच्या पावलांचा आवाज खाली स्पष्ट येतो. नवी इमारत बंदिस्त आणि शांत असते, खोली मात्र आटोपशीर असते. म्हणून साखळीचे नाव ठरल्यावर ती इमारत कधी बांधली आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे थेट हॉटेलला फोन करून विचारावे.

ज्यांनी इतर राज्यांत असे मुक्काम केले आहेत त्यांनी आपले अनुभव आणि माहिती येथे जरूर लिहावी. कर आणि भाड्याचे नियम राज्यागणिक बदलतात, त्याविषयी जाणकारांनी लिहिल्यास अनेकांना उपयोग होईल.

मेतकूट

अतिशय उपयुक्त धागा. शेगडीचा मुद्दा तुम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवलात याचे समाधान वाटले, कारण घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला हा प्रश्न यादी तयार होताना कोणी विचारतच नाही. त्यात थोडी भर घालते.

अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर किंवा इंडक्शन शेगडी तेथे चालत नाही, आणि स्वस्तातला कन्व्हर्टर लावून मिक्सर चालवण्याचा प्रयत्न करू नये. त्याऐवजी तेथे जाऊन लहानसा ब्लेंडर घेणे सोयीचे पडते. शेगडीवर ठेवायचा प्रेशर कुकर मात्र अवश्य न्यावा. होमटूसारख्या ठिकाणी इंडक्शन मिळणार असेल, तर ज्याच्या बुडाला चुंबक चिकटते तोच कुकर आणि तीच भांडी चालतील. ॲल्युमिनियमचा जुना कुकर तेथे गरमच होणार नाही. बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम चालतो आणि ओट्यातल्या काचेच्या शेगडीवरही चालतो, फक्त तो काचेवर घासू नये. ओट्यातली विजेची शेगडी हळू तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून फुलका थेट आचेवर फुगवता येत नाही. तव्यावरच कापडाने दाबून फुगवावा लागतो, आणि थोड्या सरावाने तो छान जमतो.

दुसरा विषय फोडणीचा. या खोल्यांत शेगडीवर जो पंखा असतो तो पुष्कळदा हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. धूर दाखवणारे यंत्र स्वयंपाकघरापासून फार तर दोन हातांवर असते. सुक्या मिरच्यांची खमंग फोडणी केली की ते वाजते आणि कधी कधी सर्व इमारतीला बाहेर उभे राहावे लागते. त्या यंत्रावर पिशवी बांधण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया कोणीही मानू नये. झोपेत आग लागली तर तेवढे एकच यंत्र आपल्याला उठवणार असते. तेल मंद आचेवर तापवावे, मोहरी पडताच झाकण ठेवावे, न्हाणीघरातला पंखा सुरू करून त्याचे दार उघडे ठेवावे आणि मिरची सर्वांत शेवटी, आच बंद केल्यावर घालावी. मासे तळणे मात्र टाळावे. वास गालिच्यात आणि पडद्यांत बसतो आणि काही हॉटेले खोली सोडताना त्याच्या सफाईचे पैसे लावतात.

हिशेबनीस

कराविषयी विचारणा झाली आहे म्हणून लिहितो. हॉटेलच्या दरावर राज्याचा, आणि पुष्कळदा शहराचा किंवा काउंटीचाही (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), कर लागतो, आणि सगळे मिळून तो बिलाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक सहज होतो. सलग मुक्काम एका ठरावीक मुदतीपलीकडे गेला तर अनेक राज्ये तो माफ करतात. ही मुदत इंडियानामध्ये ३० दिवसांची आहे, न्यू जर्सीमध्ये ९० दिवसांची आहे आणि फ्लोरिडामध्ये पहिल्या दिवसापासून माफी हवी असेल तर सहा महिन्यांहून अधिक काळाचा लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियात हा कर शहरे आकारतात आणि बहुतेक ठिकाणी तो ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर असतो.

टेक्सासचा नियम सर्वांत लक्षपूर्वक समजून घेण्यासारखा आहे, कारण डॅलस परिसरात आपली माणसे मोठ्या संख्येने जातात. तेथे राज्याचा हॉटेल कर ६ टक्के आहे आणि शहराचा कर त्याहून वेगळा असतो. सलग ३० दिवस किंवा अधिक राहणार असल्याचे तुम्ही मुक्कामाच्या सुरुवातीलाच हॉटेलला लेखी कळवलेत, तर पहिल्या दिवसापासून राज्याचा कर लागत नाही. काहीच न कळवता राहत गेलात, तर पहिल्या ३० दिवसांचा कर भरावा लागतो आणि सूट पुढच्या दिवसांपासून मिळते. मध्ये एका रात्रीचाही खंड पडला तर दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होते. म्हणून आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या शहरात फिरायला जाताना दोन रात्रींचे पैसे वाचवण्यासाठी खोली सोडून पुन्हा घेणे, हे हिशेबात बहुधा तोट्याचेच ठरते.

दराचेही तसेच आहे. या साखळ्यांचे दर टप्प्यांनी उतरतात. आठवड्याच्या आतला एक दर, आठवड्यापुढचा दुसरा आणि महिन्यापुढचा तिसरा. कार्यालयाकडून दोन-दोन आठवड्यांचे तुकड्या-तुकड्यांनी आरक्षण येत असेल, तर महिन्याचा दर लागतच नाही. कामाची मुदत वाढण्याची शक्यता असेल तेव्हा सुरुवातीलाच लांबचे आरक्षण घ्यावे आणि लवकर निघाल्यास काय दर लागेल ते लेखी विचारून ठेवावे. साखळीच्या सदस्यत्वाचे गुण (पुढच्या मुक्कामासाठी वापरता येणारे पॉइंट) मिळवण्यासाठी हॉटेल निवडू नये असे माझे मत आहे. रेसिडेन्स इन आणि टाउनप्लेसमध्ये मॅरियट इतर बहुतेक हॉटेलांच्या तुलनेत प्रत्येक डॉलरमागे निम्मेच गुण देते, आणि आरक्षण त्रयस्थ संकेतस्थळावरून झाले असेल तर सहसा तेवढेही मिळत नाहीत.

पैलतीर

कोयनाकाठ यांच्या लेखाशी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत वेगळे मत मांडू इच्छितो. मुक्काम दोन महिन्यांहून लांबला, सोबत कुटुंब असले आणि गावात सुसज्ज सदनिका भाड्याने मिळत असली, तर कोणत्याही साखळीपेक्षा ती बरी. झोपण्याच्या खोलीला बंद होणारे दार, खरी चार बर्नरची शेगडी आणि खोलीला लागून वॉशिंग मशीन हे हॉटेलच्या एका खोलीत मिळत नाही. अशा सदनिका बहुधा ३० दिवसांच्या किमान मुदतीने देतात, म्हणून त्यापेक्षा लहान मुक्कामाला त्यांचा उपयोग नाही हे मान्य आहे.

स्वस्त साखळ्यांविषयीही थोडे लिहावेसे वाटते. एक्स्टेंडेड स्टे अमेरिका किंवा वुडस्प्रिंगसारख्या ठिकाणी प्रवाशांबरोबर अशी कुटुंबेही राहतात, ज्यांच्याकडे घराची अनामत रक्कम नाही किंवा ज्यांचा पतइतिहास (कर्जफेडीची नोंद) पाहून घरमालक करार नाकारतात. आठवड्याचे भाडे भरून हीच खोली त्यांचे घर असते. आपल्याकडचे काही लोक हे पाहून ‘वस्ती चांगली नाही’ असा शेरा मारतात, तो अन्यायाचा आहे. त्या खोल्यांतली माणसे सकाळी कामाला जाणारी आणि मुलांना शाळेत सोडणारीच असतात. पाहायचे ते एवढेच, की स्वागतकक्ष रात्री उघडा असतो का, दार आतल्या बोळात उघडते की थेट वाहनतळावर, आणि दिवे पुरेसे आहेत का.

कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. तेथे सलग ३० दिवसांहून अधिक राहणाऱ्याला भाडेकरूचे हक्क लागू होऊ शकतात. ते टाळण्यासाठी काही ठिकाणी २८ दिवसांनी खोली सोडायला लावून पुन्हा नोंदणी करायला सांगतात. निवासी हॉटेलांना (म्हणजे लोक राहते घर म्हणून वापरतात अशा हॉटेलांना) असे करण्यास तेथील नागरी संहितेच्या कलम १९४०.१ ने मनाई केली आहे, तरीही कमाल मुदतीची अट कित्येक हॉटेलांच्या नियमांत लिहिलेली दिसते. लांब आरक्षण करण्यापूर्वी ही अट आहे का, ते विचारलेले बरे.

रेवा_सातारा

धागा वाचून पुष्कळ शंका मिटल्या. माझ्या पतीला पुढच्या महिन्यात कोलंबसला जायचे आहे आणि माझ्या सासूबाई-सासरेही काही आठवडे सोबत येणार आहेत. दोघांनाही गाडी चालवता येत नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. कार्यालयाने दिलेल्या यादीतील हॉटेले महामार्गाच्या कडेला आहेत. अशा वेळी साखळी कोणती यापेक्षा आणखी काय विचारावे, हे कृपया सांगाल का? दोन खोल्या घ्याव्यात की एकच मोठी, हेही ठरत नाही.

कोयनाकाठ

रेवाताई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मी मूळ लेखातच द्यायला हवे होते असे वाटावे इतका तो मुळाशी जाणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

महामार्गाच्या फाट्यावरची बहुतेक हॉटेले गाडीवाल्यांसाठी बांधलेली असतात. नकाशावर दुकान अर्ध्या किलोमीटरवर दिसते, पण मध्ये सहा पदरी रस्ता असतो आणि पदपथ नसतो. म्हणून नकाशातील अंतर न पाहता रस्त्याची छायाचित्रे पाहावीत आणि पदपथ व रस्ता ओलांडण्याची खूण हॉटेलच्या दारापासून दुकानापर्यंत सलग दिसते का, ते तपासावे. वडीलधाऱ्यांचा दिवस चार भिंतींत जाऊ नये यासाठी हा मुद्दा मी शेगडीच्याही वर ठेवीन. सासरे सकाळी पायी फिरून येऊ शकले आणि दूध-भाजी स्वतः आणू शकले, तर त्या आठवड्यांचे स्वरूपच बदलते. कोलंबसमध्ये तयार पीठ आणि डाळी मिळतात, पण मनासारखे भारतीय वाणसामान हवे असेल तर सुमारे ७० किलोमीटरवरील इंडियानापोलिसला जावे लागते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी एकदम महिन्याचे सामान आणायचे म्हटले, तर मोठा फ्रिज असलेलीच खोली घ्यावी.

गुडघ्यांसाठी न्हाणीघराची चौकशी आधी करावी. बहुतेक खोल्यांत बाथटब असतो आणि त्याचा काठ ओलांडून आत जावे लागते, जे गुडघेदुखी असलेल्या माणसाला रोज त्रासाचे आणि धोक्याचे होते. उंबरा नसलेले, आधाराचे दांडे लावलेले न्हाणीघर असलेल्या काही खोल्या बहुतेक हॉटेलांत असतात, परंतु त्या मोजक्याच असतात. संकेतस्थळावर टिचकी मारून भागत नाही. हॉटेललाच फोन करून त्या खोलीचे आरक्षण पक्के झाल्याचे ईमेलवर लिहून घ्यावे. त्याच फोनवर उद्वाहन (लिफ्ट) आहे का, हेही विचारावे, कारण जुन्या दुमजली वसाहतींमध्ये ते बहुधा नसते.

एक खोली की दोन, याबाबत माझे स्पष्ट मत असे आहे की दोन शयनगृहांची एकच मोठी खोली मिळत असेल तर तीच घ्यावी, आणि जुन्या रेसिडेन्स इनमध्ये व काही होमवुडमध्ये अशा खोल्या असतात. मध्ये एक स्वयंपाकघर आणि दोन्ही बाजूंना झोपण्याच्या खोल्या असल्या की तुमच्या पतीला रात्री भारतातील कार्यालयाशी बोलायचे असले तरी आई-वडिलांची झोप मोडत नाही. दोन वेगळ्या खोल्या घेतल्यास स्वयंपाक एकीकडे आणि माणसे दुसरीकडे अशी ओढाताण होते.

हिशेबनीस

रेवाताई, एक छोटी पुरवणी. खोली कंपनीच्या नावे असेल आणि सासू-सासऱ्यांचा मुक्काम त्यातला काहीच काळ असेल, तरी आरक्षण पहिल्या दिवसापासून मोठ्या खोलीचेच करून घ्यावे. मुक्कामाच्या मध्यावर खोली बदलल्यास काही हॉटेले जुने आरक्षण बंद करून नवे उघडतात, आणि मग महिन्याचा दर तसेच इंडियानातील ३० दिवसांची करमाफी या दोन्हींविषयी वाद उद्भवतो. कंपनी एका माणसाच्या खोलीपुरतेच पैसे देणार असेल, तर वरचा फरक तुम्ही भरणार असल्याचे हॉटेलला आधीच सांगून त्याचे बिल वेगळे मागावे. सासू-सासऱ्यांची नावेही नोंदणीच्या वेळीच खोलीवर लिहून घ्यावीत, म्हणजे तुमचे पती कामावर असताना खोलीची चावी हरवली तरी स्वागतकक्षातून ती त्यांना मिळू शकेल.